बहात्तरावी संख्या

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, नोकरीतल्या आठवणी लिहा, फक्त गणित फार नको." मी बरं म्हटलं आणि कागद घेऊन बसले. तेव्हा लक्षात आलं, की तेहतीस वर्षांच्या नोकरीतून गणित वजा केलं तर खाली उरतं मस्टर, खडूची धूळ आणि दर मे महिन्यात दुरुस्त होऊन जुलैत पुन्हा गळणारं छप्पर. तेव्हा वाचकहो, थोडं गणित सोसावं लागेल. उदाहरण एकच आहे, आणि ज्यांना शाळेत असताना गणिताच्या बाईंची भीती वाटायची त्यांनी तर हे जरूर वाचावं. बाई किती भित्री असू शकते ते कळेल.

माझी शाळा भिवंडीत, कामतघरच्या अंगाला, मराठी माध्यमाची. आठवीच्या वर्गाची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या शेडची भिंत यांच्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच बोळ. शेडमध्ये साठ लूम. सकाळी सातला शाळा भरायची तेव्हा रात्रपाळी सुटून दिवसपाळी लागलेली असायची, म्हणजे आवाजाला खंड नाहीच. नवीन शिक्षक पहिल्या आठवड्यात घसा बसवून घ्यायचे, दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे वर्ग बदलून मागायचे. मी वर्ग बदलून मागितला नाही. मी दापोड्याची, आगऱ्याची पोर. आमच्या घरात शेतावरून हाक मारली की बांधापलीकडच्या चार घरांतून ओ यायची. आवाज मला वारशानेच मिळाला होता.

आमच्याकडे लूमला सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी सकाळी मी वर्गात जाऊन नेहमीच्या आवाजात "वह्या काढा" म्हटलं, की पुढच्या बाकावरची मुलं दचकायची आणि मलाच शरम वाटायची, इतकी मी ओरडत असे. म्हणून नाजूक भाग शुक्रवारी शिकवायचा असं मी ठरवलं होतं. दोन हजार सालानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत वीज वेळीअवेळी जायची, तेव्हाही लूम थांबायचे. पंखे बंद, घामाने अंग चिकट, पण वर्गात मुंगी चालल्याचं ऐकू येईल अशी शांतता. लोक भारनियमनाला शिव्या घालायचे. मी मनातल्या मनात वीज मंडळाचे आभार मानायची आणि भूमितीचं एक प्रमेय उरकून घ्यायची.

आठवीच्या मुलांसाठी तेव्हा एक गणित स्पर्धा असे. पहिली फेरी शाळेतच, दुसरी ठाण्याला. आमच्या शाळेतून ठाण्याला कुणी जाईल असं कुणालाच वाटत नसे, मला धरून. पण मी मुलांना बसवायची. कारण त्या स्पर्धेचे प्रश्न मला स्वतःला आवडायचे. पुस्तकातली गणितं म्हणजे कामावर जाणं, आणि ही गणितं म्हणजे जत्रेत हिंडणं, असा माझा हिशेब होता.

त्यातला एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कपडे बदलून यायचा. १, २, ३, ४, ५ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून होणाऱ्या सगळ्या पाच अंकी संख्या चढत्या क्रमाने लिहिल्या, तर सत्त्याण्णवावी संख्या कोणती?

पहिल्यांदा ऐकलं की पोरं सरळ लिहायला लागतात. १२३४५, मग १२३५४, मग १२४३५. तिसाव्या-पस्तिसाव्या संख्येशी एखादी निसटते आणि पुढचं सगळं ओमफस्स. खरं तर लिहायचं काहीच नाही. समजा नळावर पाच मुली रांगेत आहेत. सगळ्यांत पुढे कोण हे एकदा ठरलं, की मागच्या चौघींच्या रांगा किती प्रकारे लागतील? दुसरी जागा चौघींपैकी कुणालाही, तिसरी उरलेल्या तिघींपैकी, चौथी दोघींपैकी, आणि शेवटी उरेल ती. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. म्हणजे १ पुढे असलेल्या संख्या चोवीस, २ पुढे असलेल्या चोवीस, ३च्या चोवीस, ४च्या चोवीस. चोवीस चोक शहाण्णव. शहाण्णव संपल्या. सत्त्याण्णवावी म्हणजे ५ पुढे असलेल्यांतली अगदी पहिली, ५१२३४. एवढंच. न लिहिता शहाण्णव संख्या ओलांडून जायची ही गंमत मला आजही नुकतीच कळल्यासारखी वाटते.

एका वर्षी हा प्रश्न मी घरी करायला दिला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक गृहस्थ शाळेत आले. उंच, अंगावर तेलाचे डाग, हातात सुताच्या खोक्याचा फाडलेला मोठा पुठ्ठा. हे इस्माईलभाई, माझ्या वर्गातल्या फरजानाचे वडील, भिंतीपलीकडच्या त्याच शेडमध्ये जॉबर. लूम बिघडला की तो खोलून चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. मूळचे खाडीकाठच्या गावचे, बोलणं आमच्या आगऱ्यांच्या जवळचं.

"बाई, उत्तर तुमचा चुकला," त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "पोरगी तुमच्या रीतीनी बोलते एकावन्न हजार दोनशे चौतीस. आमी शेडमदे सगल्यांनी मिलून एकशेईसच्या एकशेईस लिवल्या. सत्त्यान्नवावा येतो एकावन्न हजार दोनशे तेचालीस. एक बी सोडला नाय."

मला हसूही आलं आणि रागही आला. मी तापट म्हणून प्रसिद्ध होतेच. पण पुठ्ठा बघितला आणि तो हातात घेतला. चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, कुठे मराठी आकडे, कुठे इंग्रजी, जेवणाच्या सुट्टीत बसून कामगारांनी सगळी रांग लिहून काढली होती. १च्या आणि २च्या चोवीस-चोवीस भरल्या, मग मी ३ने सुरू होणाऱ्या मोजल्या. तेवीस. त्यातल्या ३४ने सुरू होणाऱ्या सहा हव्यात, तिथे पाच होत्या. "३४२१५ कुठे आहे?" मी विचारलं.

इस्माईलभाईंनी पुठ्ठा दोनदा वरून खाली बघितला. "नाय हाय," ते म्हणाले. "आन् तुमी एवढ्यात कसा शोधला?"

मी नळावरच्या मुली सांगितल्या. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा बी तसाच. बीम म्हंजे उभ्या ताराचा रूळ. त्याचा एखादा तार चुकला तं आख्खा बीम कोन बघत नाय. टप्प्याटप्प्यानी मोजतो, जो टप्पा कमी तितंच बघतो." मग पुठ्ठा काखेत मारून गेले. गणिताची अशी दाद मला कुठल्या परिसंवादात मिळाली नाही.

त्यांची फरजाना बारीक अंगाची, दोन वेण्यांची, कमी बोलणारी. ती फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. ती हट्टी होती, आणि गणिताला हट्टीच माणसं लागतात. एके दिवशी, लूम धडाडून चालू असताना, मी फळ्यावर असंच एक उदाहरण घातलं आणि उत्तर विचारलं. ओरडून उत्तर देणं तिला कधी जमलं नाही. तिने डावा हात छातीसमोर धरला, तळवा माझ्याकडे, आणि एकेक बोट मिटत गेली. अंगठा म्हणजे सगळ्यांत लहान अंक, करंगळी म्हणजे सगळ्यांत मोठा. जो अंक वापरून झाला ते बोट मिटलं. उभी राहिली तेवढी बोटं शिल्लक. चार उभी असली तर चोवीस, तीन उभी असली तर सहा, दोन उभी असली तर दोन. तिने न बोलता पूर्ण संख्या मला दाखवली, आणि ती बरोबर होती.

ही शेडची भाषा. लूमच्या गोंगाटात माणसं हातांनीच बोलतात. मालक आला, चहा आला, अमुक नंबरचा लूम बंद पडला, सगळं हातांनी. आणि तिथे एक रीत आहे. कुणी हात दाखवला की बघणाऱ्याने मान हलवायची. मान हलवली म्हणजे 'दिसलं'. हलवली नाही तर दाखवणारा हात तसाच धरून उभा राहतो आणि तेवढ्यात त्याच्या लूमवर धागा तुटतो. फरजाना लहानपणापासून बापाचा डबा घेऊन शेडमध्ये जायची. तिला ही रीत कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मी ती पद्धत उचलली आणि सगळ्या वर्गाला लावली. फळ्यावर उदाहरण, आणि चाळीस डावे हात छातीसमोर. कुणी दाखवलं की शेजाऱ्याने बघून मान हलवायची. ओरडणं बंद झालं, घसा वाचला, आणि चुकणारं पोर कुठल्या बोटावर चुकतंय ते मला फळ्यापाशी उभं राहून दिसायला लागलं. शिक्षकाला याहून जास्त काय हवं? लूमच्या आवाजात आमचा वर्ग मुकाट्याने गणितं करायचा. आठवण आली की अजून छाती भरून येते.

हे कौतुक मी बाहेर मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण एकदा सांगून बसले होते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात उत्साहाच्या भरात उठून मी आमची बोटं समजावली. व्याख्याते ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, बोटं मोजणं पहिलीत सोडायचं असतं." सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण तिथे दुसरं काही करता येत नव्हतं. पण ते हसू आत कुठेतरी जाऊन बसलं.

त्या वर्षी पहिल्या फेरीतून आमच्या शाळेच्या चक्क दोन मुली वर गेल्या. एक फरजाना आणि दुसरी मानकोलीची मनीषा. मनीषा आमच्यातलीच, गोलमटोल, बडबडी, गणितापेक्षा ठाण्याला जायला मिळणार याचाच तिला आनंद. फरजानाचं मात्र तसं नव्हतं. दिवाळीनंतर इस्माईलभाई पुन्हा शाळेत आले. या वेळी हातात काही नव्हतं.

"बाई, शेड बंद होतंय," ते म्हणाले. "मालकानी लूम भंगारात काडलं. तितं आता गोडाऊन होनार. आमची खोली बी त्याचीच. मे महिन्यात आमी गावाला चाललो, खाडीपलीकडं. तितं शाला सातवीपरत हाय."

"मग फरजाना?"

"त्याच्यासाटीच आलो. ती बोलते, ठान्याच्या परीक्षेत वर आली तं तितल्या वसतिगृहाच्या शालेत घेतात. खरा हाय का?"

खरं होतं. वर येणाऱ्या पहिल्या काही मुलांना एका शाळेत दहावीपर्यंत राहून शिकता यायचं. मी तसं सांगितलं. त्यांनी खिडकीतून आपल्या शेडच्या भिंतीकडे बघितलं. "म्हंजे ही एकच वाट हाय," ते म्हणाले. "मी तिला कायच दुसरा देऊ शकत नाय, बाई. तुमी बघा."

मी बघते म्हटलं. पुढचे दोन महिने शाळा सुटल्यावर तासभर दोघींना घेऊन बसले. लूम एकेक करून बाहेर काढले जात होते. आवाज रोज थोडा कमी व्हायचा आणि मला तो कमी झालेला आवडत नव्हता.

परीक्षेचं केंद्र ठाण्यातली एक मोठी शाळा होती. फरशी इतकी स्वच्छ की मनीषाने चपला काढायच्या का असं विचारलं. इस्त्रीचे टाय लावलेली मुलं, त्यांच्याबरोबर इंग्रजीत बोलणारे पालक. ठाण्यात गेलं की माझ्या तोंडातल्या 'हाय'चं 'आहे' आपोआप होई, 'न्हाय'चं 'नाही' होई, आणि पदर नीट करायला हात आपणहून जाई. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले. पाऊणएक तासाने शिपाई मला बोलवायला आला.

केंद्रप्रमुखांच्या खोलीत फरजाना आणि मनीषा भिंतीशी उभ्या होत्या. मनीषा रडत होती. टेबलाशी केंद्रप्रमुख, साठीचे, शांत चेहऱ्याचे गृहस्थ, आणि शेजारी पर्यवेक्षिका. पर्यवेक्षिकेने सांगितलं ते असं. पाचव्या प्रश्नाला फरजानाने हात छातीसमोर धरून बोटांच्या खुणा केल्या. दोन रांगा पलीकडे बसलेल्या मनीषाने त्या बघितल्या आणि मान हलवली. एकदा नव्हे, दोनदा.

पाचवा प्रश्न मला दाखवला. ०, १, २, ३, ४ हे अंक घेऊन होणाऱ्या पाच अंकी संख्यांतली साठावी कोणती? कपडे बदलून तोच आला होता. शून्य पहिल्या जागी बसत नाही एवढीच त्यातली खोच. फरजानाच्या कागदावर ३१४२० हे बरोबर उत्तर होतं. मनीषाच्या कागदावर तो प्रश्न कोरा होता.

"म्हणजे तिने नक्कल केलेली नाही," केंद्रप्रमुख म्हणाले. "पण ही तिच्याकडून खात्री करून घेत होती असा अर्थ होतो. हिने दाखवलं, तिने हो म्हटलं."

"मी हो नाय बोलले," मनीषा हुंदक्यातून म्हणाली. "तिनी हात दाखवला म्हून मान हालवली. वर्गान् हालवताव तशी."

केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. "बाई, या खुणा कसल्या आहेत? तुम्ही शिकवल्यात का?"

एका वाक्याचं काम होतं. होय, मीच शिकवल्यात, आमच्या वर्गाला लागून लूम आहेत, आम्ही असंच गणित करतो. तोंड उघडलं आणि मला तो हसणारा हॉल दिसला. समोर पर्यवेक्षिका बसली होती, तिच्या चेहऱ्यावर मला आधीच हसू दिसायला लागलं. खरं तर ती हसत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही रीतीने करतो. गुणाकार करून. ही बोटं तिची तिची असतील."

फरजानाने माझ्याकडे बघितलं.  मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. तिच्यापुढे असलेली ती एकच वाट मी माझ्या हाताने बंद करत होते, हे मला त्या क्षणीही स्वच्छ कळत होतं. कळत असूनही मी बोलले नाही. लोक म्हणतात, अशा वेळी डोकं चालत नाही. माझं चालत होतं.

केंद्रप्रमुख भले माणूस होते, म्हणून हे लिहायला मी तोंड वर करू शकते. त्यांनी थोडा विचार केला आणि फरजानाला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "हे बघ बेटा, मी तुला नवा प्रश्न देतो. ही तुझी मैत्रीण तिकडे भिंतीकडे तोंड करून उभी राहील. तुला आला, तर तुझा पेपर मी जसाच्या तसा पाठवीन. नाही आला, तर रद्द करावा लागेल. तुला बोटं लागत असली तर घे. मला काही हरकत नाही, उलट बघायला आवडेल."

कागदावर त्यांनी लिहिलं, १, ३, ५, ७, ९. बहात्तरावी संख्या कोणती?

मी मनात लगेच केलं. चोवीस त्रिक बहात्तर. नेमकी सीमेवरची संख्या. इथेच पोरं घसरतात. तीन गठ्ठे संपले म्हणून चौथ्यात उडी मारतात आणि त्र्याहत्तरावी लिहून बसतात. बहात्तरावी ही तिसऱ्या गठ्ठ्यातली शेवटची असते. बोटांवर केलं तर ही चूक होत नाही, कारण मिटलेलं बोट डोळ्यांना दिसतं. म्हणून तर मला ती पद्धत आवडायची.

फरजाना बोटं घेईल याची मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टींची मला भीती वाटत होती, तिने ती घेण्याची आणि न घेण्याचीही. तिने डावा हात उचलला, आणि मांडीखाली घालून त्यावर बसली. उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि कागदाकडे बघत राहिली.

 पंखा फिरत होता. मनीषाचं नाक ओढणं तेवढं ऐकू येत होतं. फरजानाने हळूच लिहिलं, ७१३५९.  ती त्र्याहत्तरावी होती. केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिने पेन्सिल खाली ठेवली नाही. ओठ हलत होते. मांडीखालच्या हाताच्या शिरा कोपरापर्यंत ताणल्या होत्या, जणू आत बोटं मिटायला धडपडत होती आणि ती वजनाने त्यांना दाबून धरत होती. मग तिने लिहिलेलं एका रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं, ५९७३१.

"खोडलंस का?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"ती पुडची हाय. एकानी पुडं गेलते," ती म्हणाली.

त्यांनी कागद पर्यवेक्षिकेकडे सरकवला. "पेपर पाठवा," ते म्हणाले. मनीषाच्या डोक्यावर हलकी टपली मारून त्यांनी तिलाही जायला सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक निकाल काय लागला हेच आधी विचारतात. फरजाना निवडली गेली. वसतिगृहाच्या शाळेत राहिली, दहावी झाली, पुढे शिकली आणि आज ती स्वतः एका कॉलेजात शिकवते. इस्माईलभाई गावाला गेले. शेडच्या जागी गोडाऊन आलं आणि आमचा आठवीचा वर्ग इतका शांत झाला की मला पुन्हा बोलायला शिकावं लागलं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना पत्र लिहून खरं काय ते कळवलं होतं. त्या खुणा मी शिकवल्या आहेत, मी खोटं बोलले, मुलीचा काही दोष नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, जमलं तर ही पद्धत एकदा येऊन आमच्या मुलांना दाखवा. मी गेले, दाखवली. कुणी हसलं नाही. पण ते पत्र मी माझ्या मनाच्या मोठेपणाने लिहिलं असं कुणी समजू नये. ते माझ्याकडून कुणी लिहून घेतलं ते सांगते.

त्या दिवशी ठाण्याहून आम्ही एसटीने निघालो. मनीषा तोवर सावरली होती आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशी बोलत होती. मानकोली नाक्यावर तिचा काका घ्यायला आला होता, तिथे ती उतरली. मग आम्ही दोघीच. फरजाना खिडकीशी, मी बाजूला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नवी गोडाऊनं उभी राहत होती, जिथे माझ्या लहानपणी भातं असायची. मी त्यांच्याकडे बघायचं नाटक करत होते. शेवटी राहवलं नाही.

"तुला त्यांनी बोटं घे म्हणून सांगितलं होतं ना," मी म्हटलं. "मग घेतली का नाहीस गं? चुकत होतीस. आख्खी शाळा गेली असती."

ती बाहेरच बघत होती. "बोटांवर केला असता तं सरांनी परत इचारला असता, कोनी शिकवला म्हून," ती म्हणाली. "तुमाला परत खोटा बोलाय लागला असता, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणा तर नव्हताच, तिला टोमणा मारता यायचा नाही. उन्हात उभ्या माणसासाठी जरा बाजूला सरकावं, तितक्या साधेपणाने तिने ते सांगितलं. तेरा वर्षांची मुलगी, तिची सगळी शाळा त्या एका संख्येवर टांगलेली, आणि ती त्या खुर्चीत बसून माझी काळजी करत होती. मला रडू आवरलं नाही. कंडक्टर बघत होता, पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळून बघत होती. ठाण्यातलं सगळं 'आहे' आणि 'नाही' माझ्या तोंडातून गळून गेलं आणि मी माझ्या आईच्या बोलीत म्हटलं, "माजा चुकला गो पोरी. लय चुकला."

ती घाबरली. बाई रडताना तिने कधी बघितली नव्हती. माझा हात धरून समजूत घालावी तशी म्हणाली, "जाऊ द्या ना बाई. उत्तर तं बरोबर आला ना."

मी हो म्हटलं. तिच्यापुरतं ते खरंच होतं.